कशाचे ४५ टक्के? खानदेशात केलेलं पशुआरोग्याचं संशोधन मांडताना

'म्हशींमध्ये सुप्त कासदाहाचं (कासेच्या बाहेरून न दिसणाऱ्या सुजेचं) प्रमाण ४५ टक्के आढळलं.' हे वाक्य पडद्यावर आलं की जाणकार परीक्षकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: कशाचे ४५ टक्के? पशुवैद्यकाच्या विद्यार्थ्यांची बरीच सादरीकरणं इथेच अडखळतात. काम केलेलं असतं, पहाटे गोठ्यात जाऊन नमुनेही घेतलेले असतात. पण आकडा कोणत्या गोठ्यातून, किती जनावरांतून आणि कोणत्या चाचणीतून आला, हे पडद्यावर कुठेच नसतं. म्हणून आधी आकड्याचं बघू, स्लाइड आणि पोस्टरचं नंतर.

एक हिशेब नमुन्यादाखल घेऊ. समजा, यावल तालुक्यातल्या ३० गोठ्यांतल्या १२० दुभत्या म्हशी सीएमटीने (कॅलिफोर्निया मॅस्टायटिस टेस्ट, म्हणजे दुधातल्या वाढलेल्या पेशी दाखवणारी चाचणी) तपासल्या. सडं झाली ४८०. त्यातली ८ आधीच बंद पडलेली, म्हणजे तपासलेली ४७२. पॉझिटिव्ह सडं ९६ निघाली, तर ते झाले २०.३ टक्के. निदान एक सड पॉझिटिव्ह असलेल्या म्हशी ५४, म्हणजे ४५ टक्के. निदान एक बाधित म्हैस असलेले गोठे २४, म्हणजे ८० टक्के. वीस, पंचेचाळीस आणि ऐंशी हे तिन्ही आकडे खरे आहेत. त्यातला एकच उचलून 'प्रमाण' म्हणून मांडला तर ऐकणाऱ्याची दिशाभूल होते. तिन्ही एका छोट्या तक्त्यात द्या आणि प्रत्येकाशेजारी छेद लिहा: ९६/४७२, ५४/१२०, २४/३०. ही एक सवय लागली तरी अर्धं काम झालं.

त्यापुढे विश्वासमर्यादा, म्हणजे खरं प्रमाण ज्या दोन आकड्यांच्या दरम्यान असावं असं धरता येतं ती. १२० पैकी ५४ असतील तर ९५ टक्के विश्वासमर्यादा साधारण ३६ ते ५४ टक्के येते. मात्र हे गणित प्रत्येक म्हैस स्वतंत्र आहे असं धरून केलेलं असतं. प्रत्यक्षात एका गोठ्यातल्या चारही म्हशींना धार काढणारा हात तोच, ओलं फडकं तेच आणि चिखलही तोच. त्यामुळे खरी मर्यादा याहून रुंद असते. गोठा हा गट धरून ती दुरुस्त कशी करायची, हे संख्याशास्त्राच्या शिक्षकांकडून सादरीकरणाआधी करून घ्या. वेळ नसेल तर 'गोठ्यानुसार दुरुस्ती केलेली नाही' ही ओळ स्लाइडवर टाका. परीक्षकाने उणीव दाखवण्याआधी आपणच सांगितलेली बरी.

जनावरं थोडी असतील तर दशांश टाळा. २४ पैकी ११ जनावरं म्हणजे गणिताने ४५.८३ टक्के होतात, पण दोन दशांशांची ही अचूकता खोटी आहे. '२४ पैकी ११' एवढंच लिहा.

नमुनासंख्या कशी ठरवली, हा प्रश्न हमखास येतो. प्रमाण आधी माहीत नसेल तर ते ५० टक्के धरतात. १० टक्के चूक चालणार असेल तर ९६ जनावरं लागतात, ५ टक्केच चालणार असेल तर ३८४. तुम्ही यातलं काहीच न करता मिळाली तेवढी जनावरं घेतली असतील तर तसं सांगा. नंतर सूत्र चिकटवू नका. एक उलटा प्रश्न आला की ते उघडं पडतं.

शीर्षकातला प्रदेश

'खानदेशातील शेळ्यांमधील जंतप्रादुर्भाव' असं शीर्षक आणि नमुने साक्री तालुक्यातल्या तीन गावांचे, असं करू नका. नवापूरकडचा भरपूर पावसाचा पट्टा, धडगावच्या डोंगरात मोकळ्या चरणाऱ्या शेळ्या, रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात दावणीला बांधलेल्या म्हशी आणि अमळनेर-शिंदखेड्याकडचा कोरडा भाग, हे सगळं खानदेशच आहे, पण जंत, गोचीड आणि चारा प्रत्येक ठिकाणी वेगळे. शीर्षकात तालुका, ऋतू आणि वर्ष घाला. शीर्षक लांब झालं तरी चालेल.

नमुने दवाखान्यातून घेतले की गोठ्यावरून, हेही पहिल्याच स्लाइडवर सांगा. दवाखान्यात आजारी जनावरंच येतात, आणि तीही ज्याला आणणं परवडतं त्याचीच. त्या आकड्याला गावातलं प्रमाण म्हणता येत नाही. ठेलारी मेंढपाळांच्या कळपावर काम करणाऱ्यांना आणखी एक अडचण येते. पावसाळा सरला की कळप चराईला बाहेर पडतात, आणि औषध दिल्यानंतरचा दुसरा नमुना घ्यायला गेलात तर वाडा हललेला असतो. पहिल्या फेरीत ६० मेंढ्या आणि दुसऱ्या फेरीत ४१ असतील, तर उरलेल्या १९ कुठे गेल्या हे लिहा. तक्त्यातून त्या गुपचूप गाळल्या की निष्कर्षावरचा विश्वास जातो.

चाचणीनुसार होणाऱ्या चुका

सीएमटी: पॅडलच्या (चार कप्प्यांच्या तबकडीच्या) प्रत्येक कप्प्यात २ ते ३ मिली दूध, तेवढंच द्रावण, १० ते १५ सेकंद गोल फिरवायचं आणि लगेच वाचायचं. जेल विरत जाते, म्हणून फोटोही लगेच काढायचा. 'ट्रेस' (अगदी पुसट प्रतिक्रिया) आलेली सडं कशात धरली, हे पद्धतीच्या स्लाइडवर लिहा. ती पॉझिटिव्हमध्ये गेली की प्रमाण एकदम फुगतं, आणि दोन अभ्यासांची तुलना निव्वळ याच कारणाने फसू शकते. व्यायल्यानंतरच्या चिकाच्या दिवसांत आणि दूध आटत आल्यावर पेशी तशाही वाढलेल्या असतात, त्यामुळे ती जनावरं वगळली का तेही सांगा. सीएमटी पेशी वाढल्याचं दाखवते, जंतू दाखवत नाही. कल्चर (दुधातले जंतू प्रयोगशाळेत वाढवून बघणं) केलं नसेल तर 'जिवाणूजन्य' हा शब्द तोंडातून जाऊ देऊ नका.

लेंडीतली जंतांची अंडी: मॅकमास्टर पद्धतीने (कप्प्यांच्या काचेवर सूक्ष्मदर्शकाखाली अंडी मोजून) ३ ग्रॅम लेंडी ४२ मिली द्रावणात घेऊन दोन्ही कप्पे मोजले, तर एक अंडं म्हणजे प्रतिग्रॅम ५० अंडी (ईपीजी). म्हणजे एका मेंढीचा आकडा ०, ५०, १००, १५० असाच येणार. तक्त्यात एका जनावरापुढे १३० दिसलं की परीक्षकाला कळतं, कुठेतरी हात फिरलाय. सरासरी १३० येऊ शकते, एका जनावराची नाही. आणि शून्य म्हणजे जंत नाहीत असं नाही, या पद्धतीला दिसले नाहीत एवढंच. औषधाची परिणामकारकता मांडताना फक्त 'आधी ८५०, नंतर १२०' असे दोन खांब उभे करू नका. प्रत्येक मेंढीची आधीची आणि नंतरची मोजणी रेषेने जोडून दाखवा. कोणत्या मेंढ्यांवर औषध चाललं नाही ते एका नजरेत दिसतं. दुसरा नमुना कितव्या दिवशी घेतला तेही लिहा. बहुतेक ठिकाणी १४ वा दिवस धरतात. घट ९५ टक्क्यांच्या खाली असेल तर जंत औषधाला दाद देत नसल्याचा, म्हणजे प्रतिकाराचा संशय मांडा, पण त्याआधी डोस वजनावरून दिला होता की अंदाजाने, याचं उत्तर तयार ठेवा. कमी डोस हे साधं कारण आधी बाद करावं लागतं.

आरबीपीटी (रोझ बेंगाल प्लेट टेस्ट, सांसर्गिक गर्भपात म्हणजे ब्रुसेलोसिससाठीची रक्ताची चाचणी): थेंबाला थेंब मिसळून ४ मिनिटांनी वाचायची. ४ ते ८ महिन्यांच्या कालवडींना, पारड्यांना सांसर्गिक गर्भपाताची लस देतात. लस दिलेलं जनावर या चाचणीत पॉझिटिव्ह येऊ शकतं. लसीकरणाचा रकाना नसलेला आरबीपीटीचा तक्ता अपुरा आहे.

प्रतिजैविक संवेदनशीलता (कोणत्या औषधाला जिवाणू दाद देतात ते चकत्या लावून बघणं): इथे छेद नमुन्यांचा नसतो, वेगळ्या केलेल्या जिवाणूंचा असतो. ९६ नमुन्यांतून स्टॅफिलोकॉकस ऑरियस ३० निघाले असतील तर सगळी टक्केवारी ३० वर काढायची. बारा औषधांचे बारा रंगीत गोल कुणालाच वाचता येत नाहीत. आडव्या पट्ट्यांचा एक आलेख करा, सर्वाधिक प्रतिकार वर, कमी खाली. गुरांना न वापरल्या जाणाऱ्या औषधाच्या चकत्या केवळ प्रयोगशाळेत होत्या म्हणून लावल्या असतील तर त्या आलेखातून काढा.

दहा मिनिटं

बहुतेक ठिकाणी ७ ते ८ मिनिटं बोलायला आणि २ ते ३ मिनिटं प्रश्नांना असतात. आठ स्लाइड पुरतात: शीर्षक, प्रश्न, जागा आणि जनावरं, चाचणी, निकालाच्या दोन, मर्यादा, आणि पशुपालकाने काय करावं. जागतिक दूध उत्पादनात भारत पहिला, यापासून सुरुवात करू नका. समोरच्यांना ते माहीत असतं आणि त्यात तुमचं एक मिनिट जातं. सुरुवात तुमच्या प्रश्नाने करा. निकालाला निदान तीन मिनिटं राखा. चाचणीचं तत्त्व समजावण्यात वेळ घालवून निकाल पळवत न्यायचा, ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक आहे.

अक्षर २८ पॉइंटच्या खाली नको. मराठी मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा. जुन्या फाँटमधला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की चिन्हांची रांग दिसते. युनिकोड असला तरी पीडीएफ प्रत पेनड्राइव्हमध्ये ठेवा. व्हिडिओ असेल तर तो वेगळी फाइल म्हणून त्याच फोल्डरमध्ये असू द्या.

रक्ताचे नमुने घेतले असतील किंवा जनावरांवर प्रयोग केला असेल, तर संस्थेच्या प्राणी नीती समितीच्या मान्यतेचा क्रमांक पद्धतीच्या स्लाइडवर हवाच. विद्यापीठांच्या 'आविष्कार' स्पर्धेत कृषी आणि पशुसंवर्धन हा वेगळा गट असतो. तिथे परीक्षक दुसऱ्या शाखेचेही असू शकतात, म्हणून 'सीएमटी', 'ईपीजी' असे शब्द पहिल्यांदा येताना एका वाक्यात उलगडून सांगा.

पोस्टर आणि फ्लेक्सवाला

पोस्टरचं माप आयोजकांच्या सूचनेतून घ्या, अंदाजाने नको. ए-झिरो सांगितलं असेल तर ८४.१ गुणिले ११८.९ सेंमी. फाइल पहिल्यापासून त्याच मापात बनवा. छोट्या मापात करून ताणलेला फोटो फाटतो. शीर्षक ८५ ते १०० पॉइंट, उपशीर्षकं ४५ ते ५०, मजकूर २८ ते ३२. एकूण शब्द चारशेच्या आत. दीड मीटरवरून वाचता आलं पाहिजे. घरच्या भिंतीवर एक भाग खऱ्या मापात छापून लावा आणि मागे सरकून बघा.

जळगाव, धुळे, नंदुरबार, कुठेही फ्लेक्सवाले एका दिवसात काम करून देतात, पण त्यांचं बरंचसं काम कोरलड्रॉमध्ये चालतं. तुमची उघडी फाइल तिथे गेली की जोडाक्षरं तुटतात, रफार सरकतो, ऱ्हस्व वेलांटी भलत्याच अक्षरावर बसते. म्हणून पीडीएफ किंवा पूर्ण मापाची टिफ फाइल द्या, आणि छापण्याआधी त्यांच्या पडद्यावर 'स्तनाग्र', 'सांसर्गिक', 'प्रादुर्भाव' हे शब्द डोळ्यांनी तपासा. चकचकीत फ्लेक्सवर ट्यूबलाइट चमकते आणि मधला तक्ताच दिसत नाही, तेव्हा मॅट मागा. गुंडाळताना छपाई बाहेरच्या बाजूला ठेवा, म्हणजे टांगल्यावर कडा आत वळत नाहीत. एप्रिल-मेच्या उन्हात बंद गाडीत ठेवलेला फ्लेक्स लाटा धरतो आणि चिकटपट्टी सुटते. वर-खाली पट्टी घालून, रिंगा मारून घ्या आणि सोबत सुतळी ठेवा.

काय दाखवायचं नाही

पशुपालकाचं नाव, चेहरा, घराची पाटी आणि जनावराच्या कानातल्या बिल्ल्याचा १२ अंकी क्रमांक फोटोत दिसता कामा नये. त्या क्रमांकावरून मालक शोधता येतो. 'अमक्याच्या गोठ्यात कासदाह' ही बातमी डेअरीपर्यंत गेली तर त्या घराच्या दुधाकडे संशयाने बघितलं जाईल. गोठ्यांना ग-१, ग-२ असे क्रमांक द्या आणि नावांची यादी मार्गदर्शकांकडेच ठेवा. शवविच्छेदनाचे फोटो गरजेपुरते आणि आधी सूचना देऊन.

संशोधन करताना बर्ड फ्लू, ग्लँडर्स (घोड्यांचा संसर्गजन्य रोग), फाशी (अँथ्रॅक्स), लम्पी अशा रोगाचा संशय आला तर ते सादरीकरणाचं साहित्य नव्हे. आधी पशुधन विकास अधिकाऱ्यांना कळवायचं. प्राण्यांतील संसर्गजन्य रोगांबाबतचा २००९ चा कायदा हीच वाट दाखवतो. फेब्रुवारी २००६ मध्ये नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू निश्चित झाला आणि लाखो कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. ऑगस्ट २०२२ मध्ये राज्यातली लम्पीची लाट रावेर तालुक्यातून सुरू झाली. एका कच्च्या निकालाने बाजार कसा बसतो, हे या भागाला सांगावं लागत नाही. सारंगखेड्याच्या घोडेबाजारासारख्या ठिकाणी तर पक्क्या खात्रीशिवाय एक शब्दही नको. व्हॉट्सअॅप स्टेटसलाही नको.

गावात मांडताना

ज्यांच्या जनावरांचं दूध, रक्त, लेंडी घेतली, त्यांना निकाल सांगणं हा सादरीकरणाचाच भाग आहे, आणि तो परीक्षकांपुढच्या भाषणापेक्षा अवघड आहे.

वेळ संध्याकाळच्या दूध संकलनानंतरची ठेवा. आठवडे बाजाराचा दिवस, पोळा आणि ऐन कापूस वेचणीचे दिवस टाळा. सकाळी अकराला चावडीवर बैठक ठेवली तर पुरुषच येतील. धार काढणं, शेळ्या बघणं बऱ्याच घरांत बायकांकडे असतं, तेव्हा त्यांना सोयीची वेळ आधी विचारून घ्या.

भाषेची तयारी करा. धुळ्याकडे अहिराणी, रावेर-यावलकडे लेवा गणबोली, सातपुड्याच्या बाजूला पावरी आणि भिली. स्वतःला येत नसेल तर मोडकं बोलू नका. गावातल्या पशुसखीला किंवा डेअरीच्या सचिवांना सोबत घ्या आणि आदल्या दिवशी त्यांच्याबरोबर पंधरा-वीस शब्दांची उजळणी करा. खरी फसगत शब्दांतच होते. कासदाहाला लोक 'दगडी' म्हणतात, पण त्यांच्या लेखी दगडी म्हणजे कास कडक झालेली, दुधात गाठी. तुम्ही म्हणालात, 'तुमच्या म्हशीला दगडी आहे', की ते कास दाबून दाखवतील आणि म्हणतील, नाही. म्हणून असं सांगा: कास मऊ आहे, दूध पांढरंच दिसतंय, तरी आत सूज सुरू झालीय आणि ती या द्रावणात दिसते.

मग दाखवाच. प्रोजेक्टर नको, विजेचा भरवसा नसतो आणि पडद्यापेक्षा पॅडल जास्त पटतं. त्याच दिवशीच्या दुधाचे दोन नमुने थंड ठेवून आणा, एक निरोगी आणि एक बाधित, बाटल्यांवर फक्त क्रमांक. पॅडलमध्ये शेजारी-शेजारी टाका, द्रावण घाला, फिरवा. एक पाण्यासारखं सरकतं, दुसरं जेलीसारखं चिकटून बसतं. पॅडल पुढच्या रांगेतून फिरवा. दूध-द्रावण नंतर गोठ्यापासून लांब ओता, वासराला किंवा मांजरीला मिळू देऊ नका. कुणाची म्हैस तिथेच सर्वांसमोर तपासू नका. ज्याला हवं त्याच्या घरी जाऊन तपासा.

टक्के सांगू नका. 'आपण तपासलेल्या दर दोन म्हशींमागे जवळजवळ एक' असं म्हणा. रुपयांतलं नुकसान स्वतः मोजलं नसेल तर सांगू नका. पुस्तकातला आकडा ऐकून एखादा उठून म्हणतो, 'माझ्या म्हशीचं दूध तर कमी झालं नाही', आणि बैठक तिथेच संपते.

पुढे उपाय, तेही चारच. प्रत्येक म्हशीला वेगळं कोरडं फडकं. निरोगी म्हशी आधी, बाधित शेवटी पिळायची. धार झाल्यावर सडं आयोडीनच्या द्रावणात बुडवायची. आणि लगेच वैरण टाकायची, म्हणजे म्हैस अर्धा तास उभी राहते. धार झाल्यावर सडाचं तोंड काही वेळ उघडं असतं, तेवढ्यात ती शेणात बसली की जंतू आत जातात. हे कारण सांगितलं की चौथा उपाय लोक लगेच उचलतात, त्याला पैसे लागत नाहीत. प्रतिजैविक मनाने आणून टोचायचं नाही, आणि डॉक्टरांनी दिलं तर लेबलवर लिहिलेले दिवस ते दूध डेअरीला घालायचं नाही, हे वेगळं आणि ठळक सांगा. सांसर्गिक गर्भपातावर काम असेल तर दूध उकळूनच प्या आणि गाभडलेल्या जनावराच्या वारेला उघडा हात लावू नका, हे आधी.

शेवटी प्रत्येक मालकाला त्याच्या जनावरांचा निकाल बंद पाकिटात, हातात द्या. चिठ्ठीवर चार सडांचं चित्र काढा, बाधित सडावर फुली मारा, तपासल्याची तारीख लिहा आणि पुन्हा कधी तपासायचं ते लिहा. खाली तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्याचं नाव. वाचता न येणाऱ्या घरी ती चिठ्ठी म्हशीजवळ उभं राहून, सडाला हात लावून समजावून द्या.